उत्तर येतं, पण ते काय म्हणतंय ते कळत नाही

एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. विद्यापीठात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी मागणी-पुरवठा, लवचिकता, मक्तेदारी हे सगळं तिला मनापासून आवडलं आणि गुणही चांगले मिळाले. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्राचा पुढचा पेपर सुरू झाला आणि, तिच्या शब्दांत, ‘विषय तोच राहिला, भाषा मात्र रातोरात बदलली’. पहिल्या चाचणीत तीन प्रश्न होते. पहिल्यात लॅग्रांजच्या पद्धतीने (ठरावीक उत्पन्नात जास्तीत जास्त समाधान कसं मिळेल ते शोधायची गणिती रीत) ग्राहकाची निवड काढायची होती. ते उत्तर बरोबर आलं. दुसऱ्यात उपयोगिता, म्हणजे ग्राहकाच्या समाधानाचं सूत्र, ‘दोन संख्यांपैकी जी लहान असेल ती’ अशी दिली होती. तिथेही तिने लॅग्रांज मांडला, डेरिव्हेटिव्ह (विकलन, म्हणजे बदलाचा दर) घ्यायला गेली आणि अडकली. तिसऱ्यात पहिल्या उत्तराचा अर्थ चार वाक्यांत लिहायचा होता. ती जागा कोरी राहिली.

आता तिने गेल्या पाच वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका हाताने उतरवून काढल्या आहेत आणि त्या पाठ करते आहे. वर्गातले मित्र तासाभरात गृहपाठ संपवतात, तिला अख्खी संध्याकाळ पुरत नाही. ‘माझा पिंड गणिताचा नाही’ असं तिने ठरवून टाकलं आहे. शिवाय एक शंका आहे: खरेदी करताना कोणीच असली समीकरणं सोडवत नाही, मग हा खोटा सिद्धांत शिकायचाच कशाला? विषय सोडण्याची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. सोडून दुसरा विषय घ्यावा, आधी वर्षभर नुसतं गणित करून मग परत यावं, की रेटून न्यावं? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: ‘शिक्षकांना भेटले तर त्यांना कळेल की मला काहीच येत नाही. तरी भेटू का?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती; हा पेपर मी बरीच वर्षं शिकवला आहे, ती सवय जात नाही. पेन्सिलीची खूण जिथे पडली ती जागा मात्र तू दाखवतेस त्या दुखण्यापासून बरीच लांब आहे.

तू लिहितेस, गणित येत नाही. पण तीन प्रश्नांपैकी खरं गणित पहिल्यात होतं, आणि तोच तुला आला. तिसऱ्यात कोणी गणित मागितलंच नव्हतं. उरला दुसरा. तो जरा सावकाश बघू, कारण गोम तिथेच आहे.

एका सायकलीला एक सांगाडा आणि दोन चाकं लागतात. सांगाड्याची किंमत ४, एका चाकाची १, आणि तुझ्याकडे आहेत १२०. किती सायकली होतील? एकीला ४ अधिक २, म्हणजे ६ लागतात. तेव्हा सायकली २०, सांगाडे २०, चाकं ४०. संपलं. यात एकही डेरिव्हेटिव्ह नाही. ‘सांगाड्यांची संख्या आणि चाकांच्या संख्येचा निम्मा आकडा, यांतला जो लहान तो’ ही झाली सायकली जोडणाऱ्या माणसाची उपयोगिता. तुझ्या चाचणीतला प्रश्न याच घराण्यातला होता, फक्त त्यातली सायकल काढून घेतली होती. अशा उपयोगितेचा समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या निवडी जोडणारी रेषा, काटकोनात वळतो आणि निवड बरोबर त्या कोपऱ्यावर होते. कोपऱ्याला उतार नसतो. लॅग्रांजची पद्धत तर वक्राचा उतार आणि बजेट रेषेचा (सगळे पैसे संपवणाऱ्या निवडींच्या रेषेचा) उतार जुळवून देते; ज्याला उतारच नाही तिथे ती काय जुळवणार? तू अडकलीस ते बरोबर जागी अडकलीस. कागदाच्या कोपऱ्यात आधी आकृती काढली असतीस तर पेन पुढे गेलंच नसतं.

दोन वस्तू एकमेकींच्या जागी हुबेहूब चालत असतील तेव्हाही तीच गत. तिथे माणूस सगळा पैसा स्वस्त पडणाऱ्या वस्तूवर घालतो, निवड रेषेच्या टोकाला जाते, आणि उतार जुळवत बसणारा विद्यार्थी हकनाक पानं भरतो.

म्हणून तुझ्या निदानाशी मी सहमत नाही. तुला गणित करता येतं, पण करायला घेण्याआधी त्याला प्रश्न विचारायचं तू सोडून दिलं आहेस. पहिल्या वर्षी तू हे प्रश्न विचारायचीस. किंमत वाढली तर कोण काय करेल, का करेल, असं आपसूक मनात यायचं. दुसऱ्या वर्षी चिन्हं आली आणि तुला वाटलं की आता विचारायचं काही नाही, फक्त सोडवायचं आहे. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका उतरवून तू नेमकी तीच सवय घट्ट करते आहेस. उतरवलेल्या उत्तरात पहिली ओळ आयती मिळते, आणि या विषयातला सगळा विचार त्या पहिल्या ओळीच्या आधी होतो.

आता एकच उदाहरण घेऊ, पण तळापर्यंत जाऊ. पेन घे.

उपयोगिता आहे क्ष गुणिले य. दोन्हींची किंमत १, उत्पन्न १२०. अशा उपयोगितेचा माणूस उत्पन्नाचे दोन सारखे भाग करतो आणि एकेक भाग एकेका वस्तूवर खर्च करतो, म्हणून क्ष ६० आणि य ६०. (हे तू पहिल्या प्रश्नात काढलंस तसं काढून बघ.) आता क्षची किंमत १ वरून ४ झाली. निम्मं उत्पन्न अजूनही क्षवर, म्हणजे ६० भागिले ४: क्ष १५. आणि य? यची किंमत तीच, वाटा तोच, य ६० च राहिला.

इथे माझे बहुतेक विद्यार्थी लिहायचे: ‘क्षच्या किमतीचा यवर काहीच परिणाम होत नाही.’ गुणांच्या दृष्टीने ते खपूनही जातं. पण काहीच झालं नाही हे खरं आहे का, ते तपासू. या माणसाला आपण इतकी भरपाई देऊ की नव्या किमतीतही त्याचं समाधान पूर्वीइतकंच राहील. पूर्वीची उपयोगिता ६० गुणिले ६०, म्हणजे ३६००. नव्या किमतीत क्ष हा यच्या चौपट महाग आहे, तेव्हा उतार जुळण्यासाठी य हा क्षच्या चौपट घ्यावा लागतो. क्ष गुणिले चार क्ष बरोबर ३६००, म्हणून क्ष ३० आणि य १२०. खर्च ४ गुणिले ३० अधिक १२०, म्हणजे २४०. भरपाई १२० ची द्यावी लागली, म्हणजे उत्पन्नाइतकीच!

आता दोन्ही वस्तूंचा प्रवास ओळीने लिही. क्ष: ६०, मग ३०, मग १५. य: ६०, मग १२०, मग पुन्हा ६०. क्ष महाग झाल्यामुळे माणूस यकडे वळला, तब्बल ६० नगांनी वळला. हा पर्यायता परिणाम. पण किंमत वाढल्याने तो गरीबही झाला, आणि त्या गरिबीने यचे तेवढेच ६० नग काढून घेतले. हा उत्पन्न परिणाम. बाहेरून पाहिलं तर य जागचा हलला नाही, आत मात्र दोन ताकदी एकमेकींना तोलून धरत होत्या. ही गोष्ट कळते तेव्हा मला आजही आनंद होतो. तिसऱ्या प्रश्नाची चार वाक्यं कशी लिहायची तेही यात आहे: काय बदललं, कोणत्या दोन वाटांनी बदललं, कोणती वाट जड ठरली, आणि उत्तर उलटं केव्हा आलं असतं.

हीच फोड मजुरीला लावून बघ. मजुरीचा दर वाढला तर माणूस जास्त तास काम करेल की कमी? एक तास विश्रांती आता महाग पडते, म्हणून काम वाढावं. पण तो श्रीमंतही झाला आहे, म्हणून विश्रांतीही जास्त हवी. पहिल्या वर्षाच्या शब्दांनी इथवर येता येतं. दोन्हींत जड कोणती, आणि कशामुळे, हे सांगायला पुढची भाषा लागते.

ही फोड समीकरणात पहिल्यांदा मांडली ती रशियन अर्थशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी, १९१५ मध्ये, एका इटालियन नियतकालिकात. जवळजवळ दोन दशकं तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १९३४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हिक्स आणि अ‍ॅलन स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले. तुमच्याकडे ती बहुधा दोन तासांत शिकवून झाली असेल. तेव्हा तुला एक संध्याकाळ पुरत नाही याचं मला नवल वाटत नाही. मित्र तासाभरात संपवतात, त्यातल्या काहींना खरंच कळलेलं असेल, काहींनी प्रश्नाची जात ओळखून साचा लावला असेल. कोण कुठल्या गटातला हे वेळ मोजून कळत नाही. एखाद्याला विचारून बघ की य ६० च का राहिला.

लॅम्डाबद्दल, म्हणजे लॅग्रांजच्या पद्धतीत येणाऱ्या त्या जादा अज्ञाताबद्दल, तू ओझरतं लिहिलं आहेस, ‘तो कशासाठी असतो देव जाणे’. वरच्याच उदाहरणात, किंमत वाढण्याआधी, लॅम्डा ६० येतो. आता उत्पन्न १२० ऐवजी १२१ धर आणि उपयोगिता पुन्हा काढ: ३६६०.२५. सुमारे ६० ने वाढली. उत्पन्नाची दोरी एका एककाने सैल केली तर उपयोगिता किती वर जाते, ते लॅम्डा सांगतो. पण थोडं थांब. उपयोगिता म्हणून क्ष गुणिले यच्या जागी त्याचा लॉग घेतलास तर निवड तीच येते, ६० आणि ६०, आणि लॅम्डा मात्र ६० चा १/६० होतो. म्हणजे ६० या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. उपयोगिता फक्त पसंतीचा क्रम सांगते, मोजमाप सांगत नाही. ही अडचण पुढे उत्पादनसंस्थेच्या प्रकरणात सुटते. तिथे ठरावीक उत्पादन कमीत कमी खर्चात काढायचं असतं, आकृती जवळजवळ हीच, समवृत्ती वक्राच्या जागी समउत्पादन वक्र, आणि तिथला लॅम्डा म्हणजे सीमांत खर्च, आणखी एक नग काढायला लागणारा खर्च. पहिल्या वर्षी तुला आवडलेला तोच सीमांत खर्च. अर्ध्या अभ्यासक्रमात एकच आकृती नाव बदलून परत परत येते, हे कोणीतरी तुला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

शब्द आणि चिन्हं यांच्यातली ही ये-जा तुझ्या एकटीची अडचण नाही. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८६५ साली दुसरे आले होते. तरी त्यांनी आपल्या मुख्य ग्रंथात आकृत्या तळटीपांत ठेवल्या आणि गणित परिशिष्टात. १९०६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले नियम सांगितले: गणित लघुलिपीसारखं वापरा, काम पुरं होईपर्यंत ते धरून ठेवा, मग साध्या भाषेत उतरवा, जगण्यातली महत्त्वाची उदाहरणं द्या, आणि मग गणित जाळून टाका. जाळण्याचा नियम मी विद्यार्थ्यांना कधी पाळू दिला नाही, गुण जातात. पण साध्या भाषेत उतरवणं आणि उदाहरण देणं हे दोन तू आजपासून पाळ. पहिल्या वर्षाची तुझी आवड त्यातच उपयोगी पडेल. ती आवड वाया गेली असं तुझ्या पत्रातून वाटतं. ती वाया गेलेली नाही.

आता तुझी शंका. कोणी समीकरणं सोडवत नाही, हे खरं आहे, आणि ते तुला खटकलं याचं मला बरं वाटलं. पण ‘खोटा’ हा शब्द तू घाईने वापरलास. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६२ मध्ये दाखवलं की माणसं बजेटच्या आत अगदी अंदाधुंद निवड करत असली, तरी किंमत वाढली की सरासरी मागणी घटते. कारण परवडणाऱ्या निवडींचा पट्टाच आकसतो. म्हणजे मागणीचा उतरता वक्र मिळायला प्रत्येकाने मनात लॅग्रांज सोडवायची गरज नाही. सिद्धांताचा कुठला निष्कर्ष कुठल्या गृहीतकावर उभा आहे, आणि कुठला त्याच्याशिवायही टिकतो, हे वेगळं करता येणं ही या पेपराची खरी कमाई आहे.

ज्यांनी या सिद्धांताला भगदाडं पाडली तेही त्याच्याच भाषेत बोलले. मोरिस अ‍ॅले यांनी १९५३ मध्ये दोन साध्या निवडींचं कोडं मांडलं आणि अपेक्षित उपयोगितेच्या (अनिश्चिततेत माणूस कशी निवड करतो त्याच्या) सिद्धांतातलं कोणतं गृहीतक माणसं मोडतात ते बोट ठेवून दाखवलं. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांचं १९७९ चं काम त्याच वाटेने पुढे गेलं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचा बाजार घेतला: विकणाऱ्याला गाडीची अवस्था ठाऊक, घेणाऱ्याला नाही, मग चांगल्या गाड्या बाजारातून कशा निघून जातात? तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो लेख १९७० मध्ये छापून आला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुझी तक्रार या लोकांच्या रांगेतली आहे. पण ती ‘लोक असं करत नाहीत’ इथे थांबली तर तिचं पुढे काही होत नाही. ‘लोक अमुक गृहीतक मोडतात, म्हणून तमुक निष्कर्ष पडतो’ इथवर ती न्यायची तर आधी गृहीतकं हाताळता यायला हवीत. माहितीची विषमता (एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही) हा भाग अभ्यासक्रमात बहुधा शेवटी येतो. तू त्याच्या आधीच निघून जायचं म्हणते आहेस, याची मला हळहळ वाटते.

तरी सोडण्याचा पर्याय मी मोडीत काढत नाही. तुला पुढे आर्थिक इतिहास किंवा पत्रकारिता करायची असेल आणि हा पेपर सक्तीचा नसेल, तर तीन आठवड्यांनी सोडणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अर्थशास्त्रातच राहायचं असेल तर सार्वजनिक वित्त असो, श्रम असो, उद्योगांचा अभ्यास असो, हीच आकृती पुन्हा दारात उभी राहील, आणि तेव्हा शिकवायला कोणी नसेल. तू पुढे काय करणार हे पत्रात लिहिलेलं नाहीस. निर्णय आधी त्यावर ठरतो, चाचणीच्या गुणांवर नंतर.

वर्षभर गणित करून परत येण्याचा बेत मात्र मला अजिबात पटत नाही. या पेपराला लागणारं गणित थोडं आहे: आंशिक विकलन, साखळी नियम, घातांकांचे आणि लॉगचे नियम, दोन अज्ञातांची दोन समीकरणं, आणि तुला येत असलेला लॅग्रांज. मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त चुका विकलनात नसायच्या, घातांकांची वजाबाकी करताना व्हायच्या. तेवढ्यासाठी रोज अर्धा तास, महिनाभर, पेपर चालू असतानाच. अर्थशास्त्रापासून वर्षभर लांब राहिलीस तर गणित सुधारेल, पण तुझी खरी अडचण, चिन्हांना प्रश्न न विचारण्याची, आहे तिथेच राहील.

तेव्हा हे तीन आठवडे असे वापर. उतरवलेल्या प्रश्नपत्रिका फेकू नकोस, पण उत्तरं झाकून ठेव. प्रश्न वाचल्यावर लगेच सोडवायला घेऊ नकोस. आधी आकृती काढ आणि एका वाक्यात अंदाज लिही, ‘क्ष घटेल, यचं सांगता येत नाही’ एवढा चालेल. मग सोडव. उत्तर आलं की त्याला ताणून बघ: उत्पन्न आणि सगळ्या किमती दुप्पट केल्या तर मागणी तीच राहते का? किंमत शून्याकडे नेली तर काय होतं? मागणीच्या सूत्रात गफलत असेल तर ती इथे बऱ्याचदा उघडी पडते. शेवटी चार वाक्यं, एकही चिन्ह न वापरता, आणि ती अर्थशास्त्र न शिकलेल्या कोणाला तरी वाचून दाखव. एका संध्याकाळी असा एकच प्रश्न झाला तरी पुरे, पाच उतरवण्यापेक्षा तो जास्त शिकवेल.

आणखी एक गोष्ट मुदतीच्या आत बघून ठेव. या पेपराच्या पुढच्या भागात सहसा थोड्या विक्रेत्यांचा बाजार आणि खेळ सिद्धांत येतो: कूर्नो यांचे १८३८ चे दोन उत्पादक, मग नॅश यांचा समतोल. तिथे डेरिव्हेटिव्हपेक्षा ‘तो काय करेल असं मला वाटतं, आणि मी काय करेन असं त्याला वाटतं’ हा विचार जास्त लागतो. पहिल्या भागात चाचपडणारी मुलं तिथे खुलताना मी अनेकदा पाहिली आहेत. तुझ्या पत्राची धाटणी बघता तूही त्यांतली असशील असं मला वाटतं. ग्रंथालयात जाऊन ते प्रकरण दोन तास चाळ. त्यातही मन रमलं नाही, आणि वरच्यासारखे दहा-बारा प्रश्न करूनही ‘असं का?’ हे एकदाही मनात आलं नाही, तर निश्चिंत मनाने सोड.

शिक्षकांना भेट. पण ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य घेऊन जाऊ नकोस. एक तर ते खरं नाही, आणि त्यावर शिक्षकाला करण्यासारखं फार काही नसतं. चाचणीचा कागद ने, दुसऱ्या प्रश्नाचं अडकलेलं पान उघड, शेजारी काटकोनी वक्राची आकृती काढलेली असू दे, आणि विचार: ‘इथे उतार नाही हे मला आता कळलं. प्रश्न वाचतानाच हे ओळखायचं कसं?’ यावर दहा मिनिटांत भरपूर सांगता येतं. पहिल्याच आठवड्यात भेट, म्हणजे त्यानंतर एक नवा गृहपाठ स्वतःहून करून बघायला मुदतीपूर्वी वेळ उरेल.